महाविद्यालयाचें यश कशानें मोजावें?

महाविद्यालयाचा निकाल लागला कीं वर्तमानपत्रांत शेकडा प्रमाण प्रसिद्ध होतें, संचालक मंडळ समाधान पावतें आणि पालक पुढील वर्षाच्या प्रवेशाचा विचार करूं लागतात. परंतु हें शेकडा प्रमाण कोणत्या शंभरांवर काढलें, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. समजा, पहिल्या वर्षास शंभर विद्यार्थ्यांनीं नांव घातलें, साठ जण अखेरच्या परीक्षेपर्यंत टिकले आणि त्यांतील चोपन्न उत्तीर्ण झाले. निकाल शेकडा नव्वद लागला असें खुशाल म्हणतां येईल. पण ज्या शंभर घरांनीं मुलाला किंवा मुलीला मोठ्या उमेदीनें पाठविलें, त्यांपैकीं शेहेचाळीस घरांची उमेद वायां गेली, हें त्या नव्वदांत कोठेंच दिसत नाहीं. बीडसारख्या जिल्ह्यांत महाविद्यालयाची खरी परीक्षा या न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांपाशींच होते.

या भागांत उच्च शिक्षण सहजासहजीं आलेलें नाहीं. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें, पण तेथील माध्यम उर्दू होतें. मराठी घरांतील मुलाला घरच्या भाषेंत पदवीचें शिक्षण जवळपास मिळण्याची सोय नव्हती. १९३५ सालीं स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईस, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादेस आले आणि तेथील शाळेंत त्यांनीं राष्ट्रीय वृत्तीचें शिक्षण रुजविलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस, आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, महाविद्यालय उघडलें. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. अंबाजोगाईस स्वामीजींच्या नांवाचें महाविद्यालय उभें राहिलें आणि १९७४ सालीं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही आलें. ज्ञानमंदिराचें दार याप्रमाणें जवळ आलें खरें. आंत टिकून राहणें मात्र अजूनही अवघड आहे.

तें अवघड कां, याचें उत्तर बालाघाटाच्या कोरडवाहू गांवांत मिळतें. दसरा उलटला कीं मुकादमाकडून उचल घेतलेलीं जोडपीं पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. अशा जोडप्यालाच तिकडे 'कोयता' म्हणतात. माणसाचें नांव त्याच्या हत्यारावरून पडावें, यांतच सर्व कांहीं आलें. हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, आणि महाविद्यालयाच्या पहिल्या सत्राची परीक्षा साधारणपणें त्याच्या आरंभीं येते. आईबाप फडावर गेले म्हणजे म्हातारीं माणसें, गुरें आणि धाकटीं भावंडें यांचा भार गांवीं राहिलेल्या थोरल्यावर पडतो. थोरली मुलगी असेल तर तिला एकटी ठेवण्यापेक्षां तिचें लग्न उरकून टाकावें, असा विचार होतो. अशा वेळीं विद्यार्थी सुटतो तो बुद्धि कमी म्हणून नव्हे. खानावळीचे दोन महिन्यांचे पैसे, प्रवासाचा पास किंवा परीक्षेचें शुल्क एवढ्यावर त्याचें शिक्षण अडतें. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति १९४४ पासून चालत आलेली आहे. पुढें इतर वर्गांसाठींही अनेक सवलती झाल्या. परंतु मंजूर झालेली रक्कम परीक्षा होऊन गेल्यावर हातीं पडली, तर ती विद्यार्थ्याला कशी तारणार?

महाविद्यालयाची बाजूही कठीण आहे. अनुदानित महाविद्यालयांत मान्य पदांचें वेतन सरकार देतें. पण निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा वेळेवर भरली जात नाहीं, आणि तासांच्या हिशेबानें नेमलेल्या तरुण शिक्षकांवर वर्ग चालतात. राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा ६ भाग शिक्षणावर खर्च व्हावा, अशी शिफारस कोठारी आयोगानें १९६६ सालीं केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तेंच प्रमाण पुन्हां सांगितलें. तो पल्ला अद्याप गांठावयाचा आहे. तेव्हां पैसा मागत राहणें अवश्य आहे. पण तो येईपर्यंत आहे त्या पैशांतून आधीं काय करावें, याचा क्रम ठरविणें हें संस्थेच्याच हातीं आहे.

पहिलें काम बिनखर्चाचें आहे. प्रत्येक अध्यापकाकडे पंचवीस विद्यार्थी नेमून द्यावेत, आणि आठवडाभर जो दिसला नाहीं त्याच्या घरीं निरोप धाडावा. दुसरें काम वसतिगृहाचें. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं संत भगवानबाबांच्या नांवानें शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ सालीं मंजूर झाली. तिच्या कक्षेंत न येणाऱ्यांची निदान हंगामापुरती राहण्याजेवण्याची सोय महाविद्यालयानें पाहावी. तिसरें काम श्रमाचें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्थेंत 'कमवा व शिका' हें तत्त्व रुजविलें. १९४७ सालीं साताऱ्यास निघालेल्या त्यांच्या महाविद्यालयांत गरीब मुलें श्रम करून शिकलीं. ग्रंथालय, बाग, कचेरी येथील कामें बाहेरच्या ठेकेदारास देण्याऐवजीं गरजू विद्यार्थ्यांस द्यावींत. चौथें काम परतीची वाट मोकळी ठेवण्याचें. नव्या धोरणांत एक वर्ष पुरें करणाऱ्यास प्रमाणपत्र आणि दोन वर्षें करणाऱ्यास पदविका मिळून पुढें परत येण्याची मुभा आहे. नाशिकचें मुक्त विद्यापीठही १९८९ पासून आहे. ही माहिती जाणाऱ्या विद्यार्थ्याला जाण्यापूर्वीं मिळावी. नवी कमान आणि सभागृहाचा रंग यांचा क्रम यानंतर लागावा.

दुर्बळ विद्यार्थ्यांस धरून ठेवल्यानें शिक्षणाचा दर्जा घसरेल, अशी शंका कित्येकांस येते. परंतु येथें उत्तीर्ण करून देण्याची गोष्ट नाहीं. गळालेले विद्यार्थी नापास झालेले नसतात, ते परीक्षेस बसलेलेच नसतात. त्यांस परीक्षेच्या दालनापर्यंत पोहोंचविणें आणि तेथें कसोटी कडक ठेवणें, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदूं शकतात.

श्रोत्यांपैकीं कित्येक जण एखाद्या शिक्षणसंस्थेचे माजी विद्यार्थी, सभासद किंवा देणगीदार असतील. पुढील वार्षिक सभेंत त्यांनीं एवढेंच विचारावें: तीन वर्षांपूर्वीं किती जणांनीं नांव घातलें, आणि त्यांतील किती जण पदवी घेऊन बाहेर पडले? हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं छापण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाहीं. ते छापले गेले म्हणजे पैसा कोठें खर्च व्हावा, हें अहवाल वाचणाऱ्यास वेगळें सांगावें लागणार नाहीं.