कोबा ओतण्याआधी



गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण. डॉ. जे. पी. नाईक यांच्या प्रयत्नांतून येथे मौनी विद्यापीठ उभे राहिले आणि त्याच्या सिव्हिल व ग्रामीण अभियांत्रिकीच्या संस्थेत खेड्यातील बांधकाम हा अभ्यासाचा विषय झाला. अशा गावी घराच्या कोब्याविषयी बोलणे अस्थानी ठरू नये.

कोबा एका दिवसात ओतला जातो. परंतु तो टिकणार की खचणार, याचा निर्णय बहुतांशी त्याआधीच झालेला असतो. जोत्यात काळी माती राहिली तर ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरचे काँक्रीट तडकते. म्हणून ती माती, मुळ्या, पालापाचोळा काढून मुरूम भरावा लागतो. तोही एकदम नव्हे. वीतभर थर, त्यावर पाणी, मग धुमस, आणि त्यानंतर पुढचा थर. त्यावर दगडाचे सोलिंग आणि फटींत बारीक भर. सांडपाण्याचे नळ आधीच बसवलेले असावेत, मोरीकडचा उतार दोरीने पाहिलेला असावा आणि भराव ओला केलेला असावा; कोरडा भराव काँक्रीटमधले पाणी शोषून घेतो.

सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्यास सुमारे 25 लिटर पाणी पुरते. वाळू ओली असल्यास त्याहूनही कमी. अधिक पाण्याने माल सहज पसरतो, पण ते पाणी उडून गेले की आत पोकळ्या राहतात आणि कोबा कमजोर होतो.

गवंड्याला हे ठाऊक नसते काय? असते. मग जादा पाणी का पडते? काम उक्ते दिलेले असते, माणसे कमी असतात आणि सूर्यास्तापूर्वी हात धुवायचे असतात. घरमालकही बहुधा सधन नसतो. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये ठरले, तेही हप्त्यांनी. एक टप्पा पुरा झाल्यावाचून पुढचा हप्ता नाही. त्यामुळे धुमस चुकवली जाते. म्हणजे कोब्याची भेग आधी व्यवहारात पडते, जमिनीवर ती नंतर दिसते.

ओल्या सिमेंटने कातडी भाजते. तरी घमेली वाहणाऱ्या बायांच्या हातात मोजे नसतात आणि त्यांच्या कामाच्या दिवसांची नोंद नसते. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याने वर्षात 90 दिवसांच्या कामावर नोंदणीचा हक्क दिला. पण स्वतःच्या राहत्या घराचे 10 लाखांपर्यंतचे काम आस्थापनेच्या व्याख्येबाहेर ठेवले. खेड्यातले बहुतेक काम अशा लहान घरांचेच, आणि दर आठवड्याला मालक निराळा. दाखला कोणाकडे मागावा?

म्हणून कार्यकर्त्याने कोब्याच्या आदल्या दिवशीच त्या घरी जावे. भराव ठोकला आहे काय, पुरेशी माणसे रोजंदारीवर सांगितली आहेत काय, मोजे आणि गमबूट आहेत काय, आणि पुढील किमान 7 दिवस कोब्यावर साचवायचे पाणी कोण वाहणार, हे मालक आणि मजूर यांना एकत्र बसवून विचारावे. ते पाणी बहुधा घरातल्या बाईलाच वाहावे लागते. तिलाही त्या बैठकीत बसवावे. मजुरांचे दिवस त्याच वेळी वहीत लिहून घ्यावेत. मालक आणि मजूर या दोघांचेही हित त्या एकाच जमिनीत आहे; ते ओळखून दिल्यास संघटनेची पायाभरणी तेथेच होईल.