बसायला चांगली खुर्ची

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘रणांगणावरील अनुभव’ असा विषय दिला आहे. मी हवाई दलात पंधरा वर्षं काढली, पण विमानात बसून सरहद्दीपलीकडे एकदाही गेलो नाही. मी जमिनीवरचा माणूस, पायलटच्या खुर्चीची देखभाल करणारा. तेव्हा खुर्चीबद्दलच बोलतो.

कॅनबेरा हे नाव आपण सगळ्यांनी एकदमच ऐकलं, आठवतंय? आपण दहावीत होतो. १८ डिसेंबर १९६१ला पुण्याहून गेलेल्या कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा झाला. भूगोलाच्या सरांनी फळ्यावर पुणे ते दाबोळी रेघ मारली आणि नेम म्हणजे काय ते सांगता सांगता खडूही फेकला. ज्याला तो लागला तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय.

दहा वर्षांनी, १९७१च्या डिसेंबरात, मी लोहगावला त्याच विमानांवर कामाला होतो. दोन इंजिनांचं बॉम्बफेकी जेट. इंजिन सुरू करायला काडतूस लागायचं. धाडकन आवाज, काळा धूर आणि दिवाळीच्या फटाक्यांसारखा वास. ब्लॅकआउटच्या अंधारात तो आवाज ऐकला की छातीत धस्स व्हायचं, रोजचा असूनही.

आत दोघं. डावीकडे काचेच्या घुमटाखाली पायलट. त्याच्या पुढे, विमानाच्या नाकात, नॅव्हिगेटर. नकाशा, घड्याळ, पट्टी-पेन्सिल, थोडी उपकरणं. आणि बॉम्ब टाकताना पोटावर झोपून नेम धरायचा. लोकांना पायलटची नावं पाठ असतात. पद्मनाभ गौतम यांना १९६५ आणि १९७१, दोन्ही युद्धांत महावीर चक्र मिळालं, हे आम्ही अभिमानानं सांगतो. पण अंधारात नेमकं ठिकाण शोधून परत घरी आणणारा माणूस पुढं पालथा झोपलेला असतो, हे फारसं कुणी विचारत नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या या विमानांत इजेक्शन सीट एकच होती. पायलटची. हँडल ओढलं की खुर्चीखालचा स्फोटक पुडका उडतो आणि माणूस खुर्चीसकट बाहेर फेकला जातो. नॅव्हिगेटरला ते नाही. त्यानं पॅराशूटचा गठ्ठा छातीला अडकवायचा, सरपटत उजव्या अंगाच्या दाराशी यायचं, दार उघडून उडी मारायची. त्याला वेळ हवा आणि उंची हवी. आणि रडारला चुकवायला ही विमानं तर रात्री अगदी खालून जायची. हा हिशोब तळावर सगळ्यांना ठाऊक होता. बोलत कुणी नसे.

माझं काम असं, की उड्डाणाआधी खुर्चीच्या सेफ्टी पिना काढायच्या आणि पायलटला मोजून दाखवायच्या. विमान परतलं की परत घालायच्या. मी वर चढून एका माणसाची सुटकेची सोय तपासत असे, तेव्हा दुसरा माझ्या पायाशी आपला गठ्ठा घेऊन आत सरकत असायचा. आई म्हणायची, माझा मुलगा पुण्यातच आहे, देवाची कृपा. खरंच होतं ते. त्याचीच बोच होती.

आमच्या स्क्वाड्रनची विमानं कराचीच्या बाजूला जात होती. एका रात्री गेलेल्यांपैकी एक वेळेवर आलं नाही. आम्ही इंधनाचा हिशोब बोटांवर करत होतो. कुणी घड्याळाकडे बघितलं तर दुसरा त्याच्यावर खेकसायचा. शेवटी आलं. शेपटीत मूठभर भोक. मी पिना घेऊन वर चढलो आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “सर, सीट ठीक है?” पायलट घामानं निथळत होता. म्हणाला, “बैठने के लिए बढ़िया है तेरी कुर्सी।”

मला वाटलं, थट्टा करतोय.

नॅव्हिगेटर नागपूरचा होता, एकटा भेटला की माझ्याशी मराठीत बोलायचा. चहाचा मग दोन्ही हातांत धरून त्यानं सांगितलं. समुद्रावर असताना मार बसला, विमान जड झालं. पायलटनं कसंबसं वर चढवलं आणि सांगितलं, पॅराशूट लाव, दाराशी जा. “मी गेलो. दाराशी उभा राहून विचारलं, निघू का? तो म्हणाला, तू ठरव. तू आत आहेस तोवर मी इथंच.” खाली काळा समुद्र. “म्हटलं, त्या पाण्यात मला शोधणार कोण? त्यापेक्षा घरचा रस्ता शोधू.” गठ्ठा सोडला आणि परत नकाशाशी जाऊन बसला.

मी उत्तर दिलं नाही. काय देणार?

त्यानंतर प्रत्येक उड्डाणाआधी मी त्या दाराच्या कडीला आणि बिजागरीला तेल घालू लागलो. ते काम माझ्या ट्रेडचं नव्हतं. आमच्या सार्जंटनं दोनदा झापलं, तिसऱ्यांदा बघून न बघितल्यासारखं केलं. त्या तेलानं काही फरक पडला असता का? नसताच. कमी उंचीवर दार लोण्यासारखं उघडलं तरी काय होणार? पण घालायचो.

ती जोडी युद्धातून सुखरूप सुटली. इतर सगळे नाही सुटले.

कॅनबेरा पुढं बरीच वर्षं चालली. कारगिलच्या वेळी, मे १९९९मध्ये, फोटो काढायला गेलेल्या एका कॅनबेराला क्षेपणास्त्र लागलं, तरी ती एका इंजिनावर परत आली. ११ मे २००७ला आग्र्याला शेवटचा निरोप झाला. त्या संध्याकाळी माझा फोन वाजला. पलीकडे नागपूर. आवाज थकलेला, पण ओळखला. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाला, “ते दार फार हलकं उघडायचं रे. मी त्या दिवसांत रोज उघडून बघायचो.”

मला वाटत होतं, कुणाला कळलं नसेल.

असो. मागं आमटीचा वास सुटलाय आणि अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. थांबतो.