गाडीइतकाच ड्रायव्हरही आपला

इंजिन, सस्पेन्शन, बॅटरी यांवर या परिषदेत उत्तम निबंध वाचले गेले. गाडीला तिच्या शेवटच्या मर्यादेपर्यंत नेणाऱ्या माणसावर मात्र एकही नव्हता. मी त्याच्याविषयीच बोलणार आहे.

सुरुवात नॅसकारपासून करतो. बिल फ्रान्स यांनी १९४८ साली अमेरिकेत डेटोना इथे ही कार-शर्यतींची संघटना उभी केली. सुरुवातीच्या वर्षांत शोरूममधल्या गाड्या पळत. आज बाहेरचं रूप तेवढं ओळखीचं, आत पोलादी नळ्यांचा सांगाडा असतो. या शर्यतींच्या युरोपीय मालिकेत अद्वैत देवधर हा भारतीय ड्रायव्हर इटलीच्या सीएएएल रेसिंग संघाकडून उतरला. व्ही-८ इंजिन, सुमारे ४०० अश्वशक्ती, चार गिअर, आणि मदतीला एबीएस नाही की ट्रॅक्शन कंट्रोल नाही. तिथे बहुधा एकच गाडी दोघे ड्रायव्हर वेगवेगळ्या शर्यतींत चालवतात. एकाने ती भिंतीवर घातली, तर दुसऱ्याची शर्यतही धोक्यात येते.

अशा ड्रायव्हरचं निम्मं काम गाडी थांबल्यावर सुरू होतं. वळणात शिरताना गाडीचं तोंड बाहेर जातंय, की बाहेर पडताना मागची चाकं सुटताहेत, हे त्याला नेमकं सांगता यावं लागतं. टायरमधली हवा किती ठेवायची, स्प्रिंग कुठली घालायची, हे त्यावर ठरतं. आपल्या वाहन कारखान्यांच्या टेस्टिंग विभागांत हेच काम चालतं. म्हणून ड्रायव्हरला मी आपल्याच व्यवसायातला माणूस मानतो.

अशाच एक ड्रायव्हर, आपल्या पुण्याच्या डायना पुंडोळे, एकेकाळी शिक्षिका होत्या, दोन मुलांच्या आई आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईला त्यांनी राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेच्या सलून गटाचं विजेतेपद मिळवलं. पुरुषांबरोबरच्या खुल्या स्पर्धेत असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या दिवशी या शहरात ढोल वाजायला हवे होते!

पण हे घडलं चेन्नईत, कारण पुण्याजवळ तेव्हा तसा ट्रॅकच नव्हता. फोक्सवॅगनने चाकणला पोलो बनवली, इथूनच पोलो कप या शर्यतींचा संसार चालवला, आणि शर्यती मात्र चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडाला झाल्या. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं रात्र रात्र जागून फॉर्म्युला भारत या विद्यार्थी स्पर्धेसाठी गाडी बांधतात आणि ती ट्रकवर चढवून कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर नेतात. ज्या जिल्ह्यात चाकण, पिंपरी आणि कोथरूडची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे, त्याच्या वाट्याला शर्यतीसाठी बाहेर जाणं यावं, याचं मला मनापासून दुःख होतं.

पैशाचंही बोललं पाहिजे. टायर, इंधन, दुरुस्ती, प्रवास, परवाना, सगळा खर्च आधी उभा करावा लागतो. पुष्कळदा प्रायोजक सोबत आणला तरच सीट मिळते. हात तयार असलेली कितीतरी मुलं कार्टिंगच्या पुढे जात नाहीत, कारण घरची ऐपत संपते. गुणवत्तेची ही चाळणी चुकीची आहे.

म्हणून समारोपाच्या सत्रात मी स्वतः दोन ठराव मांडणार आहे. पुणे जिल्ह्यात कायमस्वरूपी ट्रॅकसाठी जागा मिळावी, अशी मागणी शासनाकडे करायची. आणि इथे बसलेल्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदारांनी एकत्र येऊन दरवर्षी एका होतकरू ड्रायव्हरच्या पूर्ण हंगामाचा खर्च उचलायचा. पहिल्या वर्षीचा माझा वाटा मी आजच देतो.