ब्रेकमधील हवा आणि प्रवाशांचे प्राण



हैदराबाद संस्थानात १९३२ साली निजाम राज्य रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी मार्ग परिवहनास प्रारंभ केला. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. आज सिकंदराबाद येथील सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक्स व यांत्रिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात वाहनांच्या निगराणीचे शिक्षण दिले जाते. जीप असो वा खडकाळ रानात धावणारे एटीव्ही, उतारावर बसणाऱ्यांचे प्राण ब्रेकच्या तेलावर अवलंबून असतात.

हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो; पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. तापलेल्या ब्रेकमध्ये मग वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते. पेडल खाली जाते, गाडी मात्र थांबत नाही.

म्हणून साधारणतः दोन वर्षांनी तेल बदलावे. टाकीत उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच ताजे तेल भरावे. चाकाजवळील निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील तेलात बुडवावे. सहकाऱ्याने पेडल दाबून धरावे. निपल सैल करून जुने तेल सोडावे आणि ते घट्ट केल्यावरच पाय उचलावा. बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत हा क्रम प्रत्येक चाकावर चालवावा. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. इंजिनाचे तेल कदापि घालू नये. त्याने रबरी वॉशर फुगतात.

काढलेले तेल पुन्हा वापरणे ही काटकसर नव्हे. पेडल पायाला कठीण लागल्याखेरीज वाहन जागेवरून हलवू नये.