माहिती फुटली, तर वसुली कशी?

परभणीतील एखाद्या ग्राहकाची माहिती बँकेच्या हलगर्जीपणामुळे फुटली आणि त्याला तोटा झाला, तर 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली 5 कोटी रुपयांपर्यंतचा भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. निकाल मान्य नसलेल्या पक्षाला 45 दिवसांत दिल्लीच्या दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. रक्कम न भरल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेतसारा थकल्यावर तहसील कार्यालय जी जप्तीची नोटीस काढते, तीच वाट.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे चित्र पालटते. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. चौकशी डेटा संरक्षण मंडळाची, सुरक्षेत कसूर झाल्यास दंड 250 कोटींपर्यंत, आणि अपील त्याच न्यायाधिकरणाकडे. न्यायाधिकरणाच्या आदेशाला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते; अंमलबजावणीसाठी तो स्थानिक दिवाणी न्यायालयाकडेही धाडता येतो. दंड मात्र भारताच्या संचित निधीत जातो. भरपाईचे जुने कलम 43-अ नवा कायदा वगळतो, त्यामुळे ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती या कायद्याखाली छदामही पडत नाही. ही उणीव लहान नव्हे.