मुलांची खासगी माहिती आणि शिक्षक
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेत मी वाचनाविषयी किंवा गणितपेटीविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. ते विषय पुढील महिन्यात घेऊ. आज मी बोलणार आहे ते एका निराळ्या, परंतु आपल्या रोजच्या कामास चिकटलेल्या गोष्टीविषयी. पटावरील मुलांची जी खासगी माहिती आपण इंटरनेटवरून इकडून तिकडे पाठवीत असतो, ती सांभाळावी कशी, हा तो विषय होय.

माझे वडील एका खेड्यात एकशिक्षकी शाळेवर होते. त्या काळी पुष्कळ गावी टपालाच्या शाखेचे काम शिक्षकाकडेच असे. तसे ते त्यांच्याकडेही होते. दुपारी टपालाची थैली आली की पत्रे वाटावयाची, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना ती वाचून दाखवावयाची. एखादी बाई मुंबईस गिरणीत असलेल्या नवऱ्याचे पत्र घेऊन आली म्हणजे वडील मला म्हणत, "जा, विहिरीवरून घागर भरून आण." घागर भरलेली असली तरी म्हणत. ते असे का म्हणत, हे मला फार उशिरा उमगले. कोणावर किती कर्ज आहे, कोणाच्या घरी कशावरून बोलणे बंद आहे, हे सर्व त्यांना ठाऊक असे. गावाला मात्र त्यांच्या तोंडून कधी काही कळले नाही. गावात त्यांना जो मान होता, तो पाढे शिकविण्याबद्दल जितका होता तितकाच याबद्दलही होता, असे मला वाटते.

आज पत्र वाचून घेण्यास आपल्याकडे कोणी येत नाही. तथापि माझ्या वडिलांना गावाची जेवढी माहिती होती, तिच्या कितीतरी पट अधिक माहिती आज आपल्याजवळ असते. मुलाची जन्मतारीख, जात, आईचे नाव, आधार क्रमांक, बँकेचे खाते, पालकांचा मोबाइल क्रमांक, उंची-वजन, दिव्यांगत्व, आरोग्यतपासणीचा शेरा, घरात कोण आहे नि कोण नाही. पूर्वी यातील बहुतेक मजकूर जनरल रजिस्टरात असे, आणि ते रजिस्टर कपाटात असे. कपाटाला कुलूप होते. आता तोच मजकूर आपल्या खिशातल्या फोनमध्ये असतो, आणि बोटाच्या एका स्पर्शाने तो शंभर ठिकाणी जातो.

जे सांगावयाचे आहे ते माझ्याच चुकीवरून सांगतो. तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. वरिष्ठ कार्यालयाकडून दूरध्वनी आला की, एकपालक मुलांची माहिती आजच्या आज पाहिजे. मी नेहमीप्रमाणे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर संदेश टाकला : "सोबतच्या नमुन्यातील माहिती दुपारी चार वाजेपर्यंत याच ग्रुपवर टाकावी. विलंबास मुख्याध्यापक जबाबदार राहतील." ही भाषा आपल्या सर्वांच्या चांगल्या परिचयाची आहे! नमुन्यातील शेवटचा रकाना 'पालक सोबत नसल्याचे कारण' असा होता. एका मुख्याध्यापकांनी, जे अतिशय प्रामाणिक व वेळेचे काटेकोर गृहस्थ आहेत, चार वाजण्याच्या आत यादी टाकली. सहावीतील एका मुलीच्या नावापुढे त्यांनी खरे होते तेच लिहिले : 'वडील कारागृहात'.

ती मुलगी वर्गात सांगत असे की, वडील सुरतेला कामाला आहेत. आईनेच तिला तसे सांगावयास शिकविले होते, आणि खरी गोष्ट फक्त गुरुजींच्या कानावर घातली होती.

ग्रुपमध्ये शंभरावर माणसे होती. बदलून गेलेले शिक्षक त्यांत होते, मुदत संपलेले व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष होते, एक पुस्तकविक्रेताही होता. त्यांना कोणी काढलेच नव्हते. संध्याकाळपर्यंत ती यादी गावातल्या दुसऱ्याच एका ग्रुपवर गेली. ती कोणी नेली याचा शोध मी घेतला नाही. घेऊन उपयोगही नव्हता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलांनी तिला विचारले, "सुरतेचा तुरुंग केवढा आहे ग?" त्यानंतर ती शाळेत आली नाही. मुख्याध्यापक दोनदा तिच्या घरी गेले, एकदा मीही बरोबर गेलो. आई दाराशीच उभी राहिली; आत या, असे म्हणाली नाही. "गुरुजी, मी तुम्हांलाच सांगितलं होतं," एवढेच ती मुख्याध्यापकांना म्हणाली. महिन्याभराने मुलगी मामाच्या गावी गेली. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'पालकांची विनंती' असे लिहिले आहे.

मुख्याध्यापकांनी तारतम्य ठेवावयास हवे होते, अशी काही दिवस मी माझ्या मनाची समजूत घातली. पण माहिती मागितली मी, ती कोठे टाकावी हे ठरविले मी, आणि घाई केली तीही मीच. वरून माहिती मागताना 'ग्रुपवर टाका' असे मला कोणीही सांगितले नव्हते.

पुष्कळांना असे वाटते की, व्हॉट्सॲपचा संदेश कुलूपबंद असतो, मग भीती कसली? हे अर्धे खरे आहे. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना तो संदेश वाटेत कोणाला वाचता येत नाही. टपालाच्या भाषेत बोलावयाचे तर पाकीट वाटेत फुटत नाही. परंतु तेच पाकीट आपण स्वतःच शंभर घरी उघडे टाकले, तर वाटेतील बंदोबस्ताचा उपयोग काय? चुकून गेलेला संदेश सर्वांच्या फोनवरून पुसता येतो खरा, पण ठराविक मुदतीतच. आणि ज्याने फाइल आधीच उतरवून घेतली किंवा पुढे धाडली, त्याच्याकडून ती परत येत नाही. एक्सेलमधील रकाना 'लपविला' म्हणजे पुसला गेला, असाही एक समज आहे. तो रकाना फाइलीत जसाच्या तसा असतो, व ज्याच्या हाती फाइल पडेल त्याला क्षणात उघडता येतो. नको असलेला रकाना काढूनच टाकला पाहिजे. गूगल शीटचा दुवा देताना 'दुवा असणारा कोणीही' ही परवानगी ठेवली, तर तो दुवा ज्या ज्या हाती जाईल तेथे आपले रजिस्टर उघडे पडले म्हणून समजावे. आधार कार्डाच्या चित्रावर फोनमधल्या रंगाने रेघ ओढून क्रमांक झाकणारेही आहेत. तो रंग पारदर्शक असला तर चित्र थोडे उजळताच खालचे आकडे दिसू लागतात. त्यापेक्षा आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड' आधार काढावे. त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता छायाचित्रांकडे वळू. पोषण आहाराचे, गणवेशाचे, वृक्षारोपणाचे, ज्याचे त्याचे छायाचित्र आज मागितले जाते. अक्षांश, रेखांश, दिनांक व वेळ छापणारी ॲप आपण सर्वजण वापरतो. काम झाल्याचा पुरावा म्हणून ते ठीकच आहे. पण तेच छायाचित्र आपण फेसबुकवर टाकतो तेव्हा काय होते, याचा विचार करावा. अमुक चेहऱ्याची मुलगी, अमुक शाळेत, अमुक वेळी, पृथ्वीच्या पाठीवर नेमकी अमुक ठिकाणी असते, हे आपण त्रयस्थ माणसाच्या हाती लिहून देतो. चित्रावर आकडे छापलेले नसले तरी फोनमध्ये स्थाननोंद चालू असल्यास ती चित्राच्या फाइलीत आतून राहते. व्हॉट्सॲपवर साधे चित्र म्हणून पाठविल्यास ही आतली नोंद सामान्यतः गळून जाते. तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास ती तशीच जाते. ताटाचे, वाढणाऱ्या हातांचे, पाठमोऱ्या रांगेचे छायाचित्र घेतले तरी जेवण झाल्याचे सिद्ध होतेच की!

आणि 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना गणवेश वाटप' हा मथळा तर आपण कायमचा सोडून द्यावा. देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात छापावयाचे असेल तर खुशाल छापावे. घेणाऱ्या पोराचा खाली घातलेला चेहरा त्यासाठी कशाला हवा? ते पोर उद्या मोठे होईल, नोकरीला लागेल, आणि ते चित्र तेथेच असेल.

नेटकॅफेची हकीकत थोडक्यात सांगतो. गावात रेंज नसते, म्हणून आपण बाजारच्या दिवशी तालुक्याला जाऊन माहिती भरतो. काम झाले की घाईने एसटी गाठतो. संकेतस्थळावरून बाहेर पडावयाचे राहते, उतरविलेली फाइल तेथेच राहते. अशा एका दुकानात मी छपाईसाठी गेलो असता संगणकाच्या पडद्यावर चार शाळांच्या याद्या पाहिल्या. एकीचे नाव 'फायनल फायनल नवीन' असे होते. शाळेच्या लॉगिनचा पासवर्ड म्हणून यूडायस क्रमांक ठेवण्याचीही प्रथा आहे. तो अकरा आकडी क्रमांक आपण शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवला आहे, हे लक्षात आणून देतो.

या माहितीचे कोणाला काय करावयाचे आहे, असे आपण विचाराल. रोजमजुरीवर जाणाऱ्या बापाला दूरध्वनी येतो : तुमचा मुलगा अमुक शाळेत पाचवीत आहे, त्याची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, आलेला ओटीपी सांगा. अनोळखी माणसावर तो बाप एरवी विश्वास ठेवणार नाही. परंतु बोलणाऱ्याला मुलाचे नाव, इयत्ता, खात्याचे शेवटचे आकडे ठाऊक असतात, म्हणून तो ठेवतो. हे सर्व आपल्याच यादीतून गेलेले असू शकते. असे घडल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे, हे पालकसभेत अवश्य सांगावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी कळविले तरच ते अडविण्याची आशा असते.

कायदाही या बाबतीत स्पष्ट होत चालला आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात, शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कोणत्याही बालकास योजनेच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. संचमान्यतेच्या वेळी आधारची पडताळणी झालेला पट मागितला जातो, व त्यामुळे आपली ओढाताण होते, हे मी जाणतो. पण त्या ओढाताणीपायी दाराशी आलेले मूल परत पाठविता येणार नाही. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम झाला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, आणि बालकाची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती हे तत्त्व घातले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. शिवाय बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा गुन्ह्यास बळी पडलेल्या बालकाचे नाव, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करणे हा शिक्षापात्र अपराध आहे. अशा मुलाविषयीची सहानुभूतीची पोस्टसुद्धा त्यात येते.

मुलांनाही यातले थोडे शिकविले पाहिजे. खेळाच्या ॲपमध्ये स्वतःचे पूर्ण नाव व शाळा लिहू नये, आईच्या फोनवर आलेला आकडा कोणाला वाचून दाखवू नये, एवढे तिसरीच्या मुलालाही समजते. कित्येक घरांत तो फोन वाचता येणारे तेवढेच एक माणूस असते.

आता आपल्या बीटपुरते मी काय ठरविले आहे ते सांगतो. मुलांच्या नावानिशी असलेली कोणतीही यादी मी यापुढे ग्रुपवर मागणार नाही. पोर्टलवर भरण्याची सोय असेल तर ती तेथेच भरावी. नसेल तेव्हा कार्यालयाच्या ईमेलवर फाइलीला पासवर्ड घालून पाठवावी व पासवर्ड मला दूरध्वनीने सांगावा, अथवा केंद्रप्रमुखांकडे बंद पाकिटात द्यावी. कारणाचा रकाना असल्यास 'समक्ष सांगण्यात येईल' एवढेच लिहावे. ते मी ऐकून घेईन. जो रकाना कोणत्या कामासाठी आहे हे मला सांगता येणार नाही, तो आपण भरू नये. शिक्षिका भगिनींचे मोबाइल क्रमांक त्यांना विचारल्यावाचून कोणाला देऊ नयेत. ग्रुपमधील सदस्यांची यादी आज सायंकाळी मी स्वतः तपासणार आहे; ज्यांना काढावे लागेल त्यांनी राग मानू नये. यामुळे माहिती वर जाण्यास एखादा दिवस उशीर होईल. त्याचा खुलासा मी देईन, मुख्याध्यापकांना द्यावा लागणार नाही.

आपल्या फोनमध्ये जुन्या याद्या पडून असतील. येथे बसल्या बसल्या, चहा येईपर्यंत, त्या पुसावयास घ्याव्यात. ज्यांना ते कसे करावयाचे ते माहीत नाही, त्यांच्याजवळ आपले तरुण सहकारी येऊन बसतील. त्यानंतर आपल्या शंका घेऊ.