गुण दिलेत, कारण सांगाल का?

मी तुमची सहयोगिनी बोलतेय. हप्ते, व्याज, मासिक बैठक हे सगळं आज जरा बाजूला ठेवू. आज गाण्याच्या एका स्पर्धेबद्दल बोलायचंय. स्पर्धा आपल्याकडची नाही, पार तिकडं युरोपातली आहे. पण तिचा निकाल पाहून मी इतकी नाराज झाले, की तुमच्याजवळ बोलल्याशिवाय राहवत नाही.

स्पर्धेचं नाव युरोव्हिजन. 1956 साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात ती पहिल्यांदा झाली, तेव्हा फक्त 7 देश होते. 2023 साली 37 देश उतरले होते. प्रत्येक देश एक गाणं पाठवतो. गाणं नवं हवं, तीन मिनिटांत संपायला हवं, मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत आणि मुख्य गाणाऱ्यानं तिथंच प्रत्यक्ष गायचं. अंतिम फेरी सुरू होते तेव्हा आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्यामुळं मी आपली दुसऱ्या दिवशी दुपारी, कामं आवरली की मोबाइलवर बघते. शब्द कळत नाहीत, पण सूर कळतो, ठेका कळतो. भोंडल्याला फेर धरणाऱ्या बाईला ठेका शिकवावा लागत नाही.

आता गुण कसे देतात ते सांगते. 2023 साली प्रत्येक देशात संगीतातल्या जाणत्या पाच जणांचं परीक्षक मंडळ होतं. मंडळ दहा गाण्यांना गुण देतं. पहिल्याला 12, दुसऱ्याला 10, मग 8, 7 असं खाली येत येत 1. त्याच देशातले प्रेक्षकही फोन करून, मेसेज करून किंवा ॲपवरून मत देतात, आणि त्यांचेही तसेच 12, 10, 8 गुण धरतात. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. म्हणजे एक पारडं परीक्षकांचं आणि एक लोकांचं. 2023 पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या लोकांनाही इंटरनेटवरून पैसे भरून मत देता येतं. त्या सगळ्यांचे मिळून एका देशाएवढे गुण धरतात.

त्याच वर्षीची गोष्ट. स्पर्धा इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात होती. फिनलंडचा कॅरिया नावाचा गायक झगझगीत हिरव्या, फुगीर बाह्या घालून आला आणि आपल्या फिनिश भाषेत गायला. याचं मला फार कौतुक वाटलं. पूर्वी बरीच वर्षं देशानं आपल्याच भाषेत गायचं असा नियम होता. 1999 पासून तो गेला आणि बरेच देश इंग्रजीत गाऊ लागले. हा गडी मात्र आपल्या भाषेत गायला. तरी सभागृहातले लोक त्याच्या गाण्याचे बोल ओरडत होते, अगदी परीक्षकांचे गुण जाहीर होत असतानासुद्धा.

समोर होती स्वीडनची लोरीन. मोठ्या ताकदीची गायिका. 2012 साली ती एकदा जिंकलेली होती. ती इंग्रजीत गायली.

आता आकडे ऐका. लोकांनी फिनलंडला दिले 376 गुण, स्वीडनला 243. परीक्षकांनी स्वीडनला दिले 340 आणि फिनलंडला 150. बेरीज झाली स्वीडन 583, फिनलंड 526. लोरीन जिंकली. लोकांचा पहिला तो दुसरा ठरला. पुढं 2024 आणि 2025 सालीही लोकांनी ज्याला सगळ्यात जास्त गुण दिले, तो देश जिंकला नाही. सलग तीन वर्षं असं झालं.

मी लगेच म्हणणार नाही की परीक्षक काढून टाका. मधे काही वर्षं जवळजवळ सगळा निकाल लोकांच्या फोनवरच लागत होता. तेव्हा तक्रार अशी, की शेजारी शेजाऱ्याला मत देतो, आणि परदेशी गेलेली माणसं आपल्या मायदेशाला मत देतात. म्हणून 2009 साली अंतिम फेरीत परीक्षक परत आणले. लोकांचं पारडं तरी कुठं धुतल्या तांदळासारखं आहे? 2025 पर्यंत एका माणसाला 20 वेळा मत देता येत होतं. मत पैसे देऊन द्यायचं, म्हणजे ज्याच्याकडं पैसा आणि हौस जास्त, त्याचा आवाज मोठा. त्यावर ओरड झाली आणि 2026 साठी ती मतं 10 वर आणली. परीक्षकांचंही तसंच. 2022 साली सहा देशांच्या मंडळांचे गुण संशयास्पद वाटले म्हणून बाजूला ठेवावे लागले होते.

मग मी नाराज कशावर? दोन गोष्टींवर.

पहिली ही, की परीक्षक गुण देतात ते आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीला. शुक्रवारी ते ऐकतात, शनिवारी जग ऐकतं. एखादी शनिवारी जीव ओतून गायली, तरी परीक्षकांचा आकडा आधीच लिहून झालेला असतो. दोघांनी एकच गाणं ऐकलं, पण एकच गाणं गायलेलं ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. कोणत्या परीक्षकानं कुणाला कितवा ठेवलं, हे स्पर्धा संपल्यावर जाहीर होतं. पण का ठेवलं, ते कुणी सांगत नाही. फिनलंडच्या गाण्यात काय कमी होतं? गळा? चाल? की गाणं दंगामस्तीचं वाटलं म्हणून? एक वाक्य सांगितलं असतं तर पटलं नसतं कदाचित, पण कळलं तरी असतं. ज्याला जास्त कळतं, त्याला निवाडा करायचा हक्क आहे. पण मग कारण सांगायचं ओझंही त्यानंच उचलावं.

तुम्ही म्हणाल, ताई, हे आपल्या काय कामाचं? सांगते. मागं आपल्या भागातल्या एका महिला मेळाव्यात गाण्यांची स्पर्धा होती. एका गटाच्या बायकांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. मांडवातल्या बायका सोबत म्हणायला लागल्या, काही जणींनी डोळ्याला पदर लावला. पहिलं बक्षीस एका सिनेमातल्या गाण्याला गेलं. द्यायला हरकत नाही, त्या पोरी चांगल्या गायल्या होत्या. पण ओवी म्हणणाऱ्यांपैकी एक आजी परीक्षकांजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “आमच्यात काय कमी पडलं, एवढं तरी सांगा की सायेब.” उत्तर आलं, “गुण दिलेत ना.” आणि ते गाडीत बसले. त्या आजी त्यानंतर मंचावर चढल्या नाहीत. हरल्या म्हणून नव्हे. काय सुधारायचं तेच कळलं नाही, म्हणून.

येत्या 8 मार्चला ग्रामसंघाच्या कार्यक्रमात आपल्याही गाण्याच्या स्पर्धा होतील. तेव्हा तीन गोष्टी ठरवून ठेवू. एक, गुण कशाला आणि किती, हे फळ्यावर आधी लिहायचं. गळ्याला किती, साथीला किती, आपल्या बोलीतल्या गाण्याला वेगळे आहेत का. दोन, टाळ्यांचे गुण धरणार असू, तर एका बाईचा एकदाच हात वर. तीन, परीक्षकांनी निकालाच्या वेळी प्रत्येक गटाबद्दल माइकवर दोन वाक्यं बोलायची. एक, काय चांगलं झालं. दुसरं, काय कमी पडलं. वेळ नसेल तर भाषणं कमी करू.

आपण कर्जाचा अर्ज नाकारला तरी कारण बैठकीच्या वहीत लिहितो आणि खाली सह्या करतो. मग गाणाऱ्या बाईला कारण का मिळू नये?

आणि त्या ओवीवाल्या आजींच्या शेजारपाजारी कुणी ऐकत असाल, तर त्यांना एवढा निरोप द्या की यंदा नाव नोंदवा. कारण सांगितलं जाईल. नमस्कार.